रिकाम्या डब्यांची बेबीबाई

अड्याळचा बाजार मागे पडून तास होत आला, तरी बेबीबाई सरळ चालेल तर शपथ. दर दहा पावलांनी वाकायची आणि कुणी फेकलेलं पाकीट उचलून पिशवीत टाकायची. गावच्या शाळेतल्या दीपमाला मॅडम तिच्यासाठी थांबून थांबून थकल्या.

"मावशी, हा रस्ता काही आपल्या पंचायतीचा नाही."

"दिसते तं का करू, मॅडम?"

परवा तालुक्याचे साहेब तपासणीला आले होते. पंचायतीपुढे इंग्रजी नावं छापलेले तीन डबे. साहेबांनी झाकणं उघडली, तर तिन्ही रिकामे. 'बाई काम करत नाही,' असा शेरा मारला. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर दुसरी बाई लावू. बारा वर्षं गाव झाडणाऱ्या बेबीबाईला तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

"त्या डब्यायवर लिवलं तरी का हाय?" तिनं विचारलं.

मॅडमनी कालच डिक्शनरी पाहिली होती. "गार्बेज म्हणजे सालं, खरकटं, सडकं. ट्रॅश म्हणजे सुका कचरा, कागद, प्लॅस्टिकच्या पन्न्या. स्क्रॅप म्हणजे मोडकं लोखंड, पितळ, ज्याचं अजून काही होईल. आणि तुमच्या पिशवीत आहे ते लिटर, रस्त्यावर टाकलेलं."

"मंग बरोबरच तं करून राहिलो मी. खरकटं बकऱ्या खातेत. सालं खताच्या खड्ड्यात. लोखंड भंगारवाला नेते. पन्न्यायचं पोतं आताच बाजारात देऊन आलो, तुमी होत्या ना संग. डब्यात रायते का मंग?"

मॅडम थांबल्याच. "हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनं? झाकन उघडलं, लावलं, गेले."

वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. दोघींनी चपला काढून हात जोडले. पायरीशी कालचे हार पडले होते.

"हे कोनत्या डब्यात?"

"नियमानं गार्बेजमध्येच," मॅडम हळू बोलल्या. काल शनिवारी त्यांनीच वाहिलेली रुईची पानं त्यात होती. त्यांच्या डिक्शनरीत याला वेगळा शब्द सापडला नव्हता.

बेबीबाईनं हार पदरात घेतले, चाफ्याच्या बुडाशी ठेवले, वरून माती सारली.

"मॅडम, खुलासा तुमीच लिवा. साहेबाच्याच शब्दायनं लिवा, कोनतं कोठी जाते ते एकेक. पन देवाच्या फुलायले त्यातलं एकबी नाव देऊ नका. साहेब कामावरून काढन म्हनते तं काढू द्या, तेवढं नका लिवू."