न सोडलेला उपास

माझ्या ताईचं आमच्या एकोडी गावात फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकाचा मला अजून राग येतो.

ती सोळा-सतरा वर्षांची होती, मी तिच्या पाठची. आधी तिनं सोमवार धरला. मग गुरुवार, मग शनिवार. चतुर्थी-एकादशी होत्याच. सत्तरच्या दशकातलं आमचं गाव, धानाची शेती, दोन्ही वेळ भात, आणि मुलीनं देवाधर्माचं केलं की आईबापांची मान ताठ. विहिरीवर बायका आईला म्हणायच्या, “तुही पोरगी लय पुण्यवान हाये वं.” आई घरी येऊन ते आम्हाला ऐकवायची. उपासाच्या दिवशी बाकीच्या घरांत भगर शिजायची, शेंगदाणे भाजले जायचे. ताई नुसता कोरा चहा घ्यायची. तेही पुण्यातच जमा झालं.

उपास धरायचा असतो तसा सोडायचाही असतो. ताई सोडेनाशी झाली. आठवड्याचे सगळे वार देवांना वाटून झाले, तेव्हा कुठे आई घाबरली. मग दुसरं टोक सुरू झालं. काकू, मामी, शेजारीण, जी येईल ती ताट घेऊन तिच्यापुढे बसायची. “खाय ना वं माय. काहून नाही खात?” बाबांनी तिला भंडाऱ्याला नेलं. तिथे अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, घास गालात धरून ठेवायची आणि मागच्या दारी थुंकून यायची. मी दहावीत होते त्या हिवाळ्यात ती गेली. लोक म्हणाले, देवालाच आवडली.

पुढे नागपूरला मानसशास्त्र शिकताना एका पुस्तकात हा आजार भेटला. त्याला नाव होतं, लक्षणं होती, उपायही होते. पुस्तकातल्या मुली कुठल्या दूरच्या थंड देशांतल्या, त्यांना सोमवार-गुरुवार ठाऊक नव्हते, पण घास गालात धरून ठेवायची रीत तीच होती. मी वाचनालयात बसून रडले. हे पुस्तक आमच्या गावात एखाद्याला तरी माहीत असतं तर, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याला एक खोली घेतली. खाली पितळी भांड्यांचं दुकान, वर मी. न जेवणाऱ्या मुलींसाठी याहून चांगला पत्ता मिळाला नसता. लोक मला डोक्याची डॉक्टरीण म्हणत. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले आणि नाद सोडला. मुलगी आली की आधी दवाखान्यात पाठवायची, शरीर किती खचलंय ते तिथे बघितलं जायचं. मग माझं काम. उपासावरून मी वाद घालत नसे, देवाशी भांडून कोण जिंकणार. मी एवढंच विचारायची की भूक मारली की आत नेमकं काय शांत होतं. उत्तराला महिने लागायचे. बहुतेकींचं घरात काहीच ऐकलं जात नसे, फक्त ‘नको’ तेवढं सगळ्यांना ऐकू जायचं.

घरच्यांना मी एक पथ्य घालून द्यायची: ‘जेवली का?’ हे विचारायचं नाही. आमच्याकडे हे म्हणजे रामराम बंद करण्यासारखंच. चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत काम करणारा एक बाप पार गोंधळून गेला. “मंग पोरीसंग बोलाचं तरी काय, म्याडम?” मला हसू आलं. मी म्हटलं, आजारी पडायच्या आधी ती कशी होती ते आठवा, त्याबद्दल बोला.

त्याची मुलगी हळूहळू सुधारली. पेज घ्यायला लागली, मग वरण-भात. एका दुपारी तिनं मला विचारलं, “तुम्ही या कामात काहून आल्या?” मी ताईचं सांगितलं. ते उपास, ते कौतुक, टॉनिक, तो हिवाळा. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “हे तं आजाराचं झालं. ताई कशी होती?”

मी आठवून बघितलं. आम्ही एका खाटेवर झोपायचो. तिनं माझ्या वेण्या घातल्या असतील, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेतातल्या बांधीत, चिखलात आम्ही एकमेकींना ढकललं असेल. सगळं ‘असेल’. दिसत होतं ते फक्त बाजूला सारलेलं ताट. इतकी वर्षं मी तिच्यासाठी झुरत आले, आणि कुणासाठी झुरतेय हेच मला सांगता येत नव्हतं. मला ताई हवी होती, पहिल्या सोमवारच्या आधीची. ती नाही तर निदान तिचं हसणं तरी.

रविवारी एसटीनं एकोडीला गेले. आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, चार खडे वेचले आणि विचारलं, “आई, ताई कशी होती वं?”

आईचा हात थांबला. घरात ताईचा विषय कुणी काढत नसे. आईनं सूप खाली ठेवलं. तिचे ओठ हलले, तेव्हा मला वाटलं, हिला आठवतंय.

“काहीच खात नोती वं थे,” आई म्हणाली.