गोणपाटाच्या गाठी

कुणाच्या दारात पायपुसणं म्हणून गोणपाट टाकलेलं दिसलं, की माझं पाऊल अजूनही अडतं आणि ते प्रकरण जसंच्या तसं समोर उभं राहतं. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले; पण सय येते ती त्या गोणपाटाची.

तेव्हा मी मेहकर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात सत्तरीचे एक मिस्त्री आत आले. डोणगावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. सोयाबीनच्या पेरणीयंत्रात बी सोडणारी एक चकती असते. तिच्यात घासून दाणा फुटला, की तो उगवत नाही. चाचांनी कडुलिंबाच्या लाकडाची, कडेला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मऊ कापडाची, पट्टी लावलेली चकती बनवली होती आणि तिच्यातून दाणा अख्खा पडत असे.

जिल्ह्याच्या गावी कार्यालय थाटून बसलेल्या एका सल्लागाराने त्यांना सांगितलं, की अशा संशोधनाला सरकार निधी देतं, मी तुमचं पेटंटही काढून देतो. चाचांनी चकतीसकट सगळं त्याच्या हवाली केलं. पुढे एका ओळखीच्या यंत्रविक्रेत्याकडून कळलं, की त्याने पेटंटचा अर्ज स्वतःच्याच नावाने भरलाय आणि निधीही मागितलाय.

मी नेहमीचं छापील उत्तर दिलं, "चाचा, हा दिवाणी वाद आहे. वकील गाठा."

"निधी त्याले घेऊ द्या साहेब," चाचा म्हणाले. "मले कागदावर मिस्त्रीनचं नाव पाह्यजे. अकल तिची होती. मी तं नुसता हात चालवला."

मिस्त्रीन म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आपल्याकडे पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करतात आणि किती उगवले ते मोजतात. ही बाई प्रत्येक नव्या चकतीतून पडलेले शंभर दाणे असे मांडायची. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून गोणपाटाच्या काठाला लाल दोरा लावून, दहा कोंबांना एक मोठी गाठ आणि सुट्या कोंबाला बारीक गाठ मारायची. असे सहा तुकडे तिने एकाला एक शिवून ठेवले होते. सल्लागाराने गाठींचा हिशेब तारखांसकट चाचांकडून वदवून घेतला, लिहून काढला आणि 'अर्जाला पुरावा जोडायचा' म्हणून गोणपाटही नेलं होतं.

"ते तरी मिळन का?" चाचांनी विचारलं. त्या आवाजाने मी उठलो. तक्रार लिहून घेतली आणि प्राथमिक चौकशी स्वतःकडे ठेवली.

सल्लागाराच्या कार्यालयात चकाचक फरशी होती. मी दारात शिस्तीत बूट पुसले आणि आत गेलो. त्याने चहा मागवला आणि चाचण्यांचा तक्ता पुढे केला. सहा चाचण्या, त्यांच्या तारखा आणि सहा आकडे.

"या मी स्वतः केल्या, मेव्हण्याच्या शेतात. मिस्त्रींनी फक्त लाकूड तासून दिलं. गोणपाट वगैरे मी पाहिलेलंही नाही."

चौथ्या चाचणीत जेमतेम एक्केचाळीस दाणे उगवले होते. इतर सगळ्या ऐंशीच्या पुढे. मी सहज विचारलं, हे असं कसं?

"चकतीची धार तीक्ष्ण राहिली होती. दाणे फुटले. म्हणून पाचव्या वेळी मी चकती बदलली, कडेला नमदा लावला, लाकूडही बदललं."

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा जुना अनुभव. पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही. मी सगळं जबाबात घेतलं, त्याची सही घेतली आणि हात हलवत परतलो.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. त्याच्याच कार्यालयात टायपिंग करणारी मुलगी होती. आवाज दबलेला.

"साहेब, नाव घेऊ नका माह्यं. तुम्ही परवा दारात ज्याच्यावर बूट पुसले, तेच ते गोणपाट हाय. काठाले लाल दोरे हायेत, पाहा."

पुरावा माझ्या पायाखाली होता आणि मी त्यावर चिखल पुसून आलो होतो.

लगेच दोन पंच आणि ओळख पटवायला चाचांना घेऊन गेलो. गोणपाट तिथेच होतं. चाचा खाली बसले आणि सदऱ्याच्या टोकाने माती झटकू लागले. हवालदार म्हणाला, "चाचा, मुद्देमालाले हात नका लावू." मी त्याला खुणेने गप्प केलं. गाठी मोजल्या, पंचनामा केला, लाखेचं सील लावलं. सहाही आकडे तक्त्याशी जुळले. चौथ्या तुकड्यावर चार मोठ्या गाठी होत्या आणि एक बारीक. त्याबद्दलचा सल्लागाराचा जबाब मी चाचांना वाचून दाखवला.

"चकती बदलली म्हणते हा?" चाचा एकदम उसळले. "काऊन खोटं बोलतं बे? चौथी अन् पाचवी चकती एकच हाय! तवा मिस्त्रीन दवाखान्यात होती. पाणी शिंपडाले कोणी नव्हतं, गोणपाट वाळलं. घरी आल्यावर मी तिले म्हणलो, नको मारू गाठी, हे मोजू नको. तं म्हणे, जे उगवलं ते उगवलं."

दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड चाचांनी कुराणाच्या शेजारी जपून ठेवलं होतं. तक्त्यातल्या चौथ्या चाचणीच्या तारखा त्यात बसत होत्या. तो कागदही मी प्रकरणाला जोडला. फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला.

पेटंट देणं पोलिसांच्या हातात नसतं. पण लघुउद्योगांना अर्ज लिहून देणारी, हरकत मांडणारी सरकारी मदत असते, हे मला तेव्हा कळलं. आधी माहीत असतं तर चाचा त्या माणसाच्या दारात गेलेच नसते. त्या मदतीने आमचा पंचनामा जोडून हरकत घेतली गेली आणि चाचा व मिस्त्रीन अशा दोघांच्या नावाने नवा अर्ज भरला गेला.

निकाल यायला वर्षं लागली. दरम्यान गोणपाट मुद्देमालाच्या खोलीत पडून होतं. बाजाराच्या दिवशी चाचा ठाण्यात येत, खोलीच्या दाराशी घटकाभर बसत आणि जात. पुढे मी निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी माझी बायकोही गेली.

एके दिवशी चाचांचा निरोप आला. गेलो. पेटंटचं प्रमाणपत्र आलं होतं. संशोधकांची नावं दोन होती. चाचांना वाचता येत नव्हतं आणि बायकोचं नाव त्यांनी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. तिच्या हयातीत ती 'मिस्त्रीन' आणि हे 'मिस्त्री'.

माझ्या मनात सल होताच. म्हणालो, "चाचा, एक सांगायचं राहिलं. त्या गोणपाटावर माझेही बूट..."

"मालूम हाय. पंचनाम्याच्या दिवशीच त्या पोरीनं सांगितलं," ते म्हणाले. "सोडा ते. नाव वाचा."

मी वाचलं.

"अजून एक डाव."

तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले.

पुरावा कपाटात शोधण्याआधी पायाखाली पाहावा, हे या प्रकरणाने मला शिकवलं, आणि नव्या अधिकाऱ्यांना मी ते सांगतोही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी घरी आलो, कुलूप काढलं आणि जिला आयुष्यभर 'अगं, ऐकतेस का' म्हणून हाक मारली, तिचं नाव रिकाम्या घरात मोठ्याने घेतलं. तीन वेळा.