सिस्टरांनी सोपवलेला अर्ध्यावरचा अर्ज

नर्सेसच्या एका संघटनेची वेबसाइट वापरायला सोपी आहे की नाही, हे तपासायचं काम मी घेतलं होतं. आमच्या धंद्याचा नियम साधा: समोरच्याला चाचपडू द्यायचं, आपण तोंड उघडायचं नाही आणि त्याच्या फोनला हात लावायचा नाही. तोंड न उघडणं मला किती जड जातं, ते माझ्या घरच्यांना विचारा.

नाशिकमधल्या नर्सेस भराभर बोटं फिरवून मोकळ्या झाल्या. म्हणून मुद्दाम दिंडोरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या एक सिस्टर ड्यूटी संपवून माझ्यासमोर बसल्या. नवजात बाळांच्या देखभालीच्या प्रशिक्षणाचे अर्ज त्याच दिवशी सुरू झाले होते आणि जागा मोजक्याच होत्या.

"मागच्या वेळी अर्ज भरताना पेशंट आला, मी उठले," त्या म्हणाल्या. "परत येते तर सगळं पुसलेलं, अन् जागा पण संपलेल्या. ताई, इथं बाळ रडलं नाय तर नाशिकला पाठवावं लागतं. गाडीत तेवढा वेळ त्याला कसं सांभाळायचं, ते मला नीट शिकायचंय."

साइटची ती खोड मला ठाऊक होती. थोडा वेळ हात लावला नाही, की ती माणसाला सरळ बाहेर काढायची.

सिस्टर प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचायच्या, मगच लिहायच्या. औषधाचं लेबल वाचायची सवय, दुसरं काय! मला त्यांचं भारी कौतुक वाटत होतं. शेवटचं पान आलं आणि आतून हाक आली. एक बाळंतीण अडली होती आणि आतली सिस्टर एकटीच होती.

आता फोन टेबलावर टाकून पळतील, असं मला वाटलं. छे! ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगून ओव्हर द्यायची, त्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, ही त्यांची शिस्त. तशीच त्यांनी मला ओव्हर दिली.

"ताई, माहिती सगळी भरलीय. फोटो लागलाय. सर्टिफिकेट मी येऊन लावते. तोवर लक्ष ठेवा."

फोन माझ्या हातात आणि त्या दाराबाहेर.

नियम गेला चुलीत. मी अंगठ्याने पान वर-खाली करत बसले. बाहेर द्राक्षांचे टेम्पो भरून जात होते. मी मान वर केली नाही. मग आतून रडं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सिस्टर हात पुसत आल्या. "मुलगी. पहिल्यांदा गप होती, मग रडली." बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "इकडं काय?"

"दिलं होतंत तसंच आहे."

त्यांनी सर्टिफिकेट लावलं, बटण दाबलं. जागा मिळाल्याची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

मी हात लावला होता, म्हणून ती चाचणी मी अहवालात बाद धरली. खाली लिहिलं, की या बायका पेशंटलाच काय, फोनलाही वाऱ्यावर सोडून उठत नाहीत. साइटनेही त्यांचा अर्ज सोडू नये.