पालथी शिळा

माझी आत्या थडग्यांच्या शिळांवर अक्षरं कोरायची. हातात छिन्नी, डोक्याला फडकं, दगडाच्या भुकटीने भुवया कायम पांढऱ्या. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "माझ्या अंथरुणात माझ्याआधी भुकटी झोपते. तिसऱ्याला जागा कुठाय?"

तिने रचलेल्या दोन ओळी साऱ्या गावाला तोंडपाठ होत्या.

मरणा, तू दार आहेस, घर नव्हेस.
आम्ही ओलांडून जाऊ, तू तिथंच राहशील.

निम्म्या थडग्यांवर हेच. धर्मगुरू तर प्रत्येक अंत्यविधीला छाती फुगवून या ओळी म्हणायचे, जणू त्यांनीच रचल्या होत्या. आत्याने स्वतःची शिळाही कोरून ठेवली होती. आमच्या शिळांच्या कारखान्याच्या अंगणात ती आडवी पडलेली असायची आणि आम्ही तिच्यावर बसून चहा प्यायचो.

दगड कुठे ठिसूळ आहे हे आधी कळावं लागतं. म्हणून शिळेच्या मागच्या बाजूवर, जी मातीवर जाते, तिथे चार शब्द कोरून बघायचे. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, तिथे बाराखडी कोरायचे. आत्या काय कोरते, हे वाकून बघायची कुणाला गरज वाटली नव्हती.

शेवटी भुकटीने तिची फुप्फुसं खाल्ली. मग भेटायला लोकांची रीघ लागली आणि माझं डोकं फिरायला लागलं. आत्याला एक घोट पाणी गिळवत नव्हतं आणि हे लोक उशाशी बसून म्हणायचे, "त्या ओळी म्हणा ना, धीर येतो." धीर कुणाला हवा होता? मरत कोण होतं?

आत्या एकदा धर्मगुरूंना म्हणाली, "मला भीती वाटते हो. फार वाटते."

ते चपापले. "तुम्हीच असं म्हणालात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी घरी जायचं!" मी म्हणाले आणि दार उघडून धरलं. बाबा माझ्यावर चिडले. चिडू देत. आयुष्यभर दगड फोडलेल्या बाईला घाबरायचीही परवानगी मागावी लागते, याचा मला संताप आला होता. अजूनही येतो.

धर्मगुरू गेल्यावर आत्याने माझं मनगट धरलं. "भीती नसती तर मी मरणाशी भांडले कशाला असते गं? माझी शिळा पालथी घालशील ना?"

मी अंगणात गेले, पहार लावून शिळेची कड उचलली आणि खाली वाकून वाचलं. देवा, दारापाशी माझा हात सोडू नकोस.

"सगळ्या शिळांखाली हेच आहे?" मी परत येऊन विचारलं.

"मी कोरलेल्या सगळ्या. वर ऐट हवी असते लोकांना. खाली मी त्यांच्या वतीने मागून ठेवते."

आत्या गेली. थडग्यापाशी मी शिळा पालथी घालायला सांगितली तेव्हा बाबांचा पारा चढला. "शोभा करतेस का आमची? तिच्या धाडसावर आपलं नाव चाललंय!"

"ते धाडस मरणाला सुनवायला होतं ना?" मी ओरडले. "मग तोंड त्याच्याकडे करा! खाली! आणि ती खरंच जे मागत होती, ते वर येऊ दे!"

बाबा कडेवर उभ्या असलेल्या शिळेच्या मागच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी हळू विचारलं, "आईच्या शिळेखाली?"

"आजीचीही आत्यानेच कोरली होती ना? मग तेच असणार."

बाबांनी डोळे पुसले आणि पहार स्वतःच उचलली. शिळा पालथी झाली.

धर्मगुरू नेहमीसारखे छाती फुगवून पुढे आले, शिळेकडे पाहिलं आणि थांबले. वर कोरलेलं त्यांना पाठ नव्हतं. मग ते गुडघे टेकून खाली वाकले आणि आमच्यासारखंच, चाचरत, एकेक शब्द वाचू लागले.