गव्हावरची बाजरी

चैत्र लागला की गहूकाकूंच्या तोंडात कायम चार दाणे असायचे. त्या दिवसांत त्यांना काही विचारलं तर लगेच उत्तर मिळत नसे. आधी दाणे दाढेखाली फुटणार, मग सावकाश चावले जाणार, पीठ विरून जाणार आणि मागे राहिलेला चीक काकू दोन बोटांत धरून ताणून बघणार. चीक पटकन तुटला तर ते पोतं नापास. बोटभर ताणला तर "घ्या हा," एवढंच. मार्केट यार्डातले भलेभले व्यापारी त्यांना पाहून नमुन्याची थाळी आपणहून पुढे करत. त्यात आदर किती आणि ही बाई एकदाची जावी ही इच्छा किती, हे मला कधी कळलं नाही.

नाशिकच्या सिडकोत आमची दोन घरं एका भिंतीला लागून होती. नव्वदच्या आसपास मी तिथे राहायला आले तेव्हा त्यांचे मिस्टर अंबडला एका कारखान्यात मशीनवर होते. काकूंचं माहेर सिन्नरकडचं. खरं नाव रेशनकार्डावर असेल, कॉलनीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे म्हणून त्या मला बाई म्हणत. शाळेतून मी पाय ओढत घरी यायचे तेव्हा त्या ओट्यावर सूप घेऊन बसलेल्या असत. मी कायम दमलेली आणि त्या कायम कामात, अशी आमची मैत्री. "बसा बाई," त्या म्हणायच्या, "खडे येचायला दोन हात लागतीलच." दमलेल्या माणसाला आणखी काम देऊन त्याचा शीण घालवायचा, ही त्यांची रीत होती. नवल म्हणजे तो जायचाही.

वर्षाचा गहू भरायचा म्हणजे कॉलनीतल्या सात-आठ बायकांनी टेम्पो ठरवायचा आणि काकूंना पुढे बसवायचं. लोकवन कुणाच्या घरी, शरबती कुणाच्या, बन्सी कुणाला रव्यासाठी, सगळं त्यांच्या डोक्यात. मग पंधरा दिवस गच्च्यांवर गहू वाळायचा आणि काकू एरंडेलाची बाटली घेऊन घरोघर फिरायच्या. तेल किती लावायचं हे त्या कुणाला सांगत नसत, स्वतःच्या हातांनी लावून देत. माझ्या कोठीत कडुनिंबाचा पाला कमी पडला म्हणून त्यांनी मला एकदा माझ्या विद्यार्थिनीसमोर झापलं होतं.

एवढी गव्हाची पारखी बाई, पण ती वाढली बाजरीवर. "आमच्याकडं गहू म्हंजे जावई," त्या सांगायच्या. "वर्षातनं दोनदा यायचा, अन् आला की सारं घर पळायचं." दिवाळीला आणि पाहुण्यांना पोळी, एरवी भाकरी. आजारी माणसाला कोणी पोळी दिली तर तो आता वाचत नाही असं पोरांना वाटायचं म्हणे. लग्न होऊन नाशकात आल्यावर मिस्टरांच्या डब्यात रोज चार पोळ्या द्यायच्या, याचाच त्यांना आधी धसका बसला होता. "रोजच दिवाळी केली तर दिवाळीला काय करायचं?" असं त्यांनी सासूला विचारलं होतं. पुढे त्याच पोळीचा त्यांना एवढा अभिमान झाला की डब्यात भाकरी नेणाऱ्या घराची त्यांना काळजी वाटू लागली.

एकदा निवडता निवडता त्यांनी विचारलं, "बाई, पयला गहू कुनी पेरला असंल?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कपाटातून एक पुस्तक आणलं आणि वाचून दाखवलं. दूर पश्चिमेकडे, इराण-तुर्कस्तानच्या बाजूला, हजारो वर्षांपूर्वी गहू हे रानगवत होतं. पिकलं की दाणे आपोआप गळून मातीत जायचे. एखाददुसरी ओंबी अशी निघायची की दाणे गळतच नसत. माणसांच्या हाती तीच लागायची, तीच पुन्हा पेरली जायची. असं पिढ्यान्‌पिढ्या होत होत गहू माणसाळला, आणि माणूसही त्याच्यापायी एका जागी घर करून राहिला. काकूंनी सूप खाली ठेवून सगळं ऐकलं. "म्हंजे गळला तो रानाचा अन् टिकला तो आपला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ते बाईनंच निवडलं असंल. पुरुषाला कुठं येवढा दम असतो वाकून वाकून बघायला." पुस्तकात तसं नव्हतं, पण मला ते पटलं.

गिरणीतही त्यांचा कायदा चाले. बाजरीवर गहू दळला की पोळी काळपट होते, म्हणून कोणतीही बाई गिरणीत आधी विचारते की आत्ता काय दळलं. काकू याच्या पुढे गेल्या होत्या. त्यांची बाजरी नेहमी गव्हावर टाकली जाई. दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ बाजरीत उतरतं, त्यामुळे भाकरी थापताना चिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. गिरणीवाल्या आप्पांना त्यांनी एकदाच बजावून ठेवलं होतं, आणि आप्पा तेव्हापासून ते पाळत आले होते. ही युक्ती त्यांनी अख्ख्या कॉलनीला शिकवली. माझ्याही भाकऱ्या त्यामुळेच बऱ्या व्हायच्या.

मग राणीचं दुखणं आलं. राणी काकूंच्या मुलाची मुलगी. काकांच्या मागे मुलगा आणि सून सुनीता यांच्यावर घर आलं होतं, आणि ही एकच नात. तीन वर्षांची झाली तरी हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे. सारखी हगवण. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हिला गहू चालत नाही. कमी चालतो असं नाही, कणभरसुद्धा नाही, आणि कायमचा नाही. काकू कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मी समजावून सांगितलं की गव्हात जो चिकट भाग असतो, तोच तिची आतडी खराब करतो. "म्हंजे मी दातात धरून बघते, त्योच," त्या म्हणाल्या. "जितका चांगला गहू तितकं पोरीला वाईट." आदल्या आठवड्यापर्यंत त्याच तिला तुपात कुस्करलेली पोळी भरवत होत्या, अंगाला लागावी म्हणून.

सुरुवातीला नुसता भात आणि वरण चालू केलं. दोन महिन्यांत राणीच्या गालांवर थोडं मांस आलं, ती अंगणात पळायला लागली. मग डॉक्टरांना विचारून सुनीताने बाजरीची, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी सुरू केली. नागली हरसूलच्या बाजारातून मुद्दाम आणवली होती. आणि महिन्याभरात पोर पुन्हा खंगली. डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात कुठून तरी गहू जातोय, घरात नीट बघा.

घरात बघायला होतं कोण? सुनीता आणि काकू. राणीचं निदान झालं त्या दिवशी काकू बोलून गेल्या होत्या, "पोळीबिगर पोर वाढायची कशी?" ते वाक्य सुनीताच्या मनातून गेलं नव्हतं. ती माझ्याकडे रडत आली. "बाई, माझी पाठ वळली की आई तिला भरवत असतील का?" मी शाळेतून नुकतीच आले होते, डोकं चढलं होतं. मी म्हणाले, "भरवत असतील. जुनी माणसं. त्यांना डॉक्टरचं खरं वाटत नाही." एवढं मी सहज बोलून गेले. दहा वर्षं ज्या बाईच्या शेजारी बसून मी खडे वेचले, तिच्याबद्दल. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सुनीताचा चढलेला आवाज आला. काकूंचा आलाच नाही.

त्यानंतर काकूंनी स्वयंपाकघरात जाणं सोडलं. राणी जवळ आली तर त्या दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत, कुणी बघितलं तर शंका नको. सूप ओट्यावर आडवं पडून असायचं. "तब्येत बरी नाही का?" मी विचारलं तर म्हणाल्या, "तब्येतीला काय धाड भरलीय. दमले मी, बाई." मलाही त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं. मी मान खाली घालून कुलूप उघडायचे आणि आत जायचे.

एका रविवारी आम्ही दोघी गिरणीत एकाच वेळी पोचलो. काकूंच्या हातात बाजरीचा डबा होता. आप्पांनी माझा गहू दळून संपवला, दगड न पुसता काकूंचा डबा घेतला आणि नेहमीसारखं म्हणाले, "गव्हावरच टाकतो काकू, तुम्ही सांगायची गरज नाय." काकूंचा चेहरा मी पाहिला. त्या म्हणाल्या, "थांब." आप्पांना गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नाही. काकूंनी त्यांच्या हातातून डबा ओढून घेतला, थोडी बाजरी खाली सांडली, आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. "नागलीबी आशीच दळली का रं?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "म्हंजे काय, तुमचं सगळंच."

मला वाटलं, आता त्या सुटल्या. चोरून भरवत नव्हत्या हे उघड झालं होतं. त्यांना मात्र तसं वाटलं नाही. घरी जाऊन त्यांनी सुनीताला समोर बसवलं आणि सांगितलं, "तू बोललीस ते खरंच हाय. मीच घालत व्हते तिला गहू. माझ्या शहाणपणापायी." सुनीताला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती उठून आत निघून गेली. भांडण जसं मोठ्याने झालं होतं तशी समजूत झाली नाही. ती कधी झालीच नाही, नुसतं बोलणं पुन्हा सुरू झालं.

काकूंनी त्याच आठवड्यात गव्हाची कोठी रिकामी करून कॉलनीत वाटून टाकली. "येकीला नाय तर कुनालाच नाय." मुलाने घरघंटी आणली. घरघंटीला काकू आयुष्यभर खेळणं म्हणत आल्या होत्या. आता रोज दुपारी त्याच तिच्यासमोर स्टूल टाकून बसू लागल्या, तांदूळ, बाजरी, नागली दळत. राणी सुधारली. पुढच्या चैत्रात बायका टेम्पो ठरवून बोलवायला आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "माझे दात गेले." दात सगळे शाबूत होते. त्यानंतर आम्ही गहू घेतला तो व्यापारी म्हणेल तो. मी तर पुढे तयार पिठाच्या पिशवीवर आले.

शेवटच्या वर्षी त्या फार खचल्या होत्या. एकदा भिंतीवरून हळूच म्हणाल्या, "बाई, येक पोळी खायाची व्हती." मी गरम पोळी तूप-गूळ लावून आणली. घरात नाही, माझ्या ओट्यावर बसून त्यांनी ती खाल्ली, मांडीवर पेपर पसरून, एक कण खाली न पाडता. तेव्हा मी सांगून टाकलं की सुनीताच्या मनात ती शंका पक्की मी केली होती. त्या चावत राहिल्या. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "भिंत काय येवढी जाड नाय. तुमच्या जागी मी असते तर मीबी तेच बोलले असते." मग त्यांनी मला हातांवर पाणी घालायला लावलं, कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा चूळ भरली आणि नातीकडे गेल्या.

पावसाळ्याच्या शेवटी काकू गेल्या. तेराव्याच्या जेवणाला भात, आमटी, नागलीची भाकरी आणि तांदळाची खीर होती. सिन्नरहून आलेली एक म्हातारी पुटपुटली, "गव्हाची येवढी पारखी बाई, अन् तिच्या तेराव्याला पोळी नाय?" सुनीता म्हणाली, "आईंनी घरात गहू बंद केलाय. मी नाही आणणार." राणी पंगतीत वाढत होती, आईच्या खांद्याला लागलेली, धडधाकट. पंगत उठल्यावर सुनीता माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, मी त्यांना नको नको ते बोलले. कधी माफी मागितली नाही." मी म्हणाले, "त्यांनी मनात ठेवलं नव्हतं." तिने समोरच्या रिकाम्या पत्रावळी गोळा केल्या. "राहून गेलं," ती म्हणाली, आणि पुढच्या पंगतीला वाढायला उठली.