सुखदेवची दोन बोटं

भुताखेतावर माझा विश्वास नाही. आधी नव्हता, आणि हे लिहून राहिलो तरी आताही नाही. आमच्या भागात दर तिसऱ्या चिंचेवर कोणी ना कोणी बसून असते म्हणतात. मी त्याच चिंचांखालून आयुष्यभर सायकल चालवली, मला कोणी साधं हटकलंही नाही. कोहमाऱ्याच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो की तुमच्या पेपरातलं हे भुताच्या गोष्टींचं पान वाचतो आणि हसतो. पांढरी साडी, उलटे पाय... काय लोक लिहितात! पण माझ्यासंगं जे झालं त्यात साडी नाही, पाय नाही. फक्त दोन बोटं आहेत. शिक्षण चौथी, तेव्हा लिहिणं सांभाळून घ्या.

मी गोंदियाला एका राईस मिलमध्ये हमाल होतो. मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगापलीकडे, आम्ही हमालांनीच व्यायामाची जागा केली होती. तिथला राजा म्हणजे सुखदेवचा रॉड. सुखदेव माझा भिडू. पोत्याला एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. त्याने मिलच्या मोडक्या शाफ्टचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना तुपाचे रिकामे डबे बसवले आणि डब्यांत सिमेंट ओतलं. एक डबा जरा जड झाला. हे त्याने मरेपर्यंत कबूल केलं नाही. "डबे बराबर हायेत. तुहा दंडच वाकडा हाय," म्हणायचा.

आमची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. रॉड मांडीपासून छातीपर्यंत कोपरातून उचलायचा, दंडाची बेडकी भरायला. भिडू मागे उभा. रॉड अर्ध्यावर अडला, हात थरथरला, की भिडू मागून हात घालून उजव्या मनगटाखाली बोटं लावणार. दोनच बोटं, जास्त नाही. तेवढ्या आधाराने रॉड वर जाते. उचलणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तो हरला, चहा त्याच्याकडून. तोंडाने मदतही मागायची नाही. अंगात ताकद परत आली की एकच शब्द बोलायचा — सोड. सोड म्हटलं की भिडू बोटं काढून घेणार.

सुखदेवचं मधलं बोट मिलच्या पट्ट्यात सापडून तुटलं होतं. त्यामुळे त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटून लागायची नाहीत. एक इकडे, एक तिकडे, मधात रिकामी जागा. माझ्या मनगटाला ती जागा तोंडपाठ.

काम सुटल्यावर आम्ही दोघं गावी परतलो. गाव कोहमाऱ्याहून आत आहे. त्याचं घर बौद्ध वस्तीत, माझं पवार टोलीत, आणि रॉड माझ्या अंगणात. तो आम्ही एसटीच्या टपावर टाकून आणला होता. कंडक्टर म्हणाला, "काय हाय हे?" सुखदेव म्हणाला, "म्हाताऱ्याची काठी." दोघांचे केस पिकले तरी रोज दुपारी तो यायचा. माझी बायको आधीच गेलेली. दुपारचं घर फार मोठं वाटते, पण तो आला की बराबर व्हायचं.

मग सुखदेवही गेला. झोपेतच. मी रॉड गोठ्यात ढकलून दिला. गोठ्यात गाय नव्हतीच.

मागच्या पावसाळ्यात मी सायकलवरून पडलो आणि उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पाहतो तर बेडकी गायब. हाडावर नुसतं कातडं. भाताचं गंज चुलीवरून उतरवता येईना. विहिरीची बादली अर्धी भरून काढू लागलो, तीही डाव्याच हाताच्या जोरावर.

पोरगी शीला नागपूरहून आली. तिने माझी अर्धी बादली पाहिली.

"बाबूजी, बस झालं आता. चला नागपूरले."

"तिथं काय करू? लिफ्टमंदी वर-खाली करत राहू?"

"इथं पडून राहिले तर कोन पाहीन तुमाले?"

"कोंबड्या हायेत."

ती हसली नाही. म्हणाली, "मी संक्रांतीले येतो. माह्यासमोर एक भरली बादली दोन्ही हातानं काढून दाखवा. नाही निघाली, तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. अन घराले कुलूप."

"अन निघाली तर?"

"तर पुन्हा नागपूरचं नाव काढनार नाही."

मी म्हटलं, बोल पक्का. तिने बोल दिला. माझीच पोरगी, हट्टाला कमी कशी असेल?

तेव्हापासून मी दंडाच्या व्यायामाची सारी सामानं करून पाहिली. आजकालची पोरं विचारतात कोणतं चांगलं, म्हणून सांगतो. गोंदियाच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईने पहिल्यांदा पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायला सांगितली. मी म्हटलं, बाई, मी ती पिण्यासाठी उचलतो. तिने मग रबराचा पट्टा दिला. एक टोक पायाखाली दाबायचं आणि दुसरं ओढायचं. रबर लबाड आहे. खाली हलकं लागते आणि वर गेल्यावर दावं तोडणाऱ्या वासरासारखं ओढते. शीलाने निळ्या रंगाचे दोन डंबेल पाठवले. डंबेल इमानदार. जेवढं वजन तेवढंच, आणि कमजोर हाताला चांगल्या हाताच्या आड लपता येत नाही. पण हातात एकेक धरून उभा राहिलो की बाजारात थैल्या घेऊन कोणाची तरी वाट पाहून राहिलो असं वाटायचं.

कोहमाऱ्याला टायरच्या दुकानावर जिम आहे. तिथे मुडपलेला रॉड मिळाला. त्याने मनगट वळत नाही, मोडल्या हाताला तो बरा. दंड टेकवायचं बाकडंही होतं. आणि एक दोरीची मशीन. खिळा बदलला की वजन बदलते, हात सुटला तरी अंगावर काही पडत नाही. मी तिथल्या पोरगेल्या मास्तरला विचारलं, "भिडू कुठं उभा राहते?"

तो गोंदियाचा. हसून म्हणाला, "दादाजी, भिडू-विडू की जरूरत नहीं. मशीन है ना. अकेले करने का."

मशीन चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण त्या दिवशी काली-पिली जीपमध्ये बसून घरी येताना ते 'अकेले'च डोक्यात घुमत होतं.

घरी आलो आणि रागाच्या भरात गोठ्यातून रॉड ओढून काढला. डॉक्टरीणबाईने असलं वजन बिलकुल नको म्हणून बजावलं होतं. दुपार होती, टोली सारी धान कापायला गेलेली. रॉड मांडीवर घेतला, श्वास घेतला, उचलला. अर्ध्यावर अडला. उजवं कोपर लटलट कापू लागलं. खाली सोडावा तर डबा पायावर... वर नेववत नाही... आणि मनगटाखाली बोटं लागली.

दोन. एक इकडे, एक तिकडे. मधात रिकामी जागा.

रॉड वर गेला. छातीपर्यंत. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "सोड." बोटं निघाली. मी रॉड हळूच खाली ठेवला आणि तसाच उभा राहिलो. अंगावर काटा वगैरे आला नाही. खरं सांगतो, मला फक्त चहा ठेवावासा वाटला. दोन कप.

मागे पाहिलं का, असं विचाराल. नाही पाहिलं. मी आयुष्यात त्याच्यासमोर कधी मागे पाहिलं नाही, तर आता कायले पाहू?

मी हट्टी माणूस, पारखून घेतल्याशिवाय मानत नाही. दुसऱ्या दिवशी डंबेलवर दमेपर्यंत हात चालवला. काही नाही. रबर ओढलं. काही नाही. जिममध्ये जाऊन मशीनचा खिळा खाली-खाली सरकवला, हात अडला तसा अडूनच राहिला. मास्तर धावत आला, "दादाजी, मरना है क्या?" घरी आलो, रॉड घेतला. अर्ध्यावर अडला, आणि बोटं लागली.

मग रोजच. दुपारी जेवण लवकर उरकायचो. अंगण झाडून ठेवायचो, कोंबड्या पलीकडे हाकलायचो. व्यायाम करताना आम्ही पूर्वीही फारसं बोलत नव्हतो, तेव्हा आताही गुपचूपच. पण घर बराबर झालं होतं. दंडही भरत चालला. भाताचं गंज चुलीवरून उतरवू लागलो. बोटं रोज थोडी उशिरा लागायची. आधी अर्ध्यावर, मग अर्ध्याच्या वर. मला कळत होतं, हात सुधारून राहिला. याचा आनंद व्हायला पाहिजे होता.

संक्रांतीला शीला आली. तीळगूळ झाला आणि तशीच मला विहिरीवर घेऊन गेली. टोलीतल्या चार-सहा बायाही गंमत पाहायला जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "टेकचंद, सामान बांधून ठेवलं का गा?" मी म्हटलं, "तुह्यासाठी जागा ठेवली हाय गाडीत."

बादली सोडली. भरली. ओढू लागलो. डावा, उजवा, डावा, उजवा... चांगली वर आली. काठाच्या हातभर खाली आली आणि उजवा हात अडला. तेच लटलट. दोरी तळव्यात सरकू लागली. शीला पुढे झाली, तिचा चेहरा मला दिसला. ती जिंकून राहिली होती आणि तिला रडू येऊन राहिलं होतं.

तेवढ्यात बोटं लागली. रॉड नव्हता, अंगण नव्हतं, तरी लागली. एक इकडे, एक तिकडे.

बादली आलीच असती. पण पोरीसमोर, बायांसमोर, मला वाटलं हे माझं मी करणार. कोणाच्या बोटांवर नाही. मी मोठ्याने म्हटलं, "सोड!"

"मी कुठं धरलं, बाबूजी?" शीला म्हणाली. तिचे दोन्ही हात पदराशी होते.

बोटं गेली. मी दात आवळले आणि बादली काठावर आणून ठेवली. भरलेली. बाया हसल्या, शीला माझ्या गळ्यात पडून रडली. बोलाला पक्की निघाली, दुसऱ्या दिवशी एकटीच नागपूरला गेली.

त्या दुपारी मी अंगण झाडलं, रॉड घेतला. रॉड सरळ वर गेला. कुठे अडलाच नाही.

तेव्हापासून बोटं लागली नाहीत. मी डब्यांना विटा बांधल्या. धानाची पोती वाहून, हात पुरता थकवून मग रॉडला लागलो. मुद्दाम हात ढिला सोडून पाहिला. पण सुखदेवला माझं नाटक नेहमीच कळायचं. तो म्हणायचा, "अजून दम हाय तुह्यात, लेका. कर." आणि मागे हात बांधून उभा राहायचा. आताही तसाच उभा असेल का, मला माहीत नाही.

कोणी म्हणेल नस दबली असेल. म्हणा. नस दबल्यावर दोन बोटं आणि मधात रिकामी जागा कशी लागते, तेवढं मला समजावून सांगा. डॉक्टरीणबाईला विचारलं, ती म्हणाली हात छान झाला. मी ते विचारलंच नव्हतं.

आमच्या रीतीत सोड हा शब्द होता. धर हा शब्द नव्हता. इतक्या वर्षांत मी तो कधी उच्चारला नाही. मागच्या आठवड्यात रॉड अर्ध्यावर थांबवून धरला आणि म्हटलं, "धर गा, सुखदेव." आवाज एवढा बारीक निघाला की मलाच माझा वाटला नाही. कोंबड्या इकडेतिकडे झाल्या. बाकी काही नाही.

आता रोज तसंच करतो. रॉड अर्ध्यावर नेतो आणि उभा राहतो, हात खरोखर कापू लागेपर्यंत. दंड भरला असल्यामुळे फार वेळ लागते. मागे मात्र पाहत नाही.