शनीच्या चंद्राचे दोन फोटो

आमच्या फोटोवाल्या चाचांइतका संशयी माणूस अख्ख्या आरमोरीत दुसरा झाला नसेल, आणि त्यांचा सगळा संशय एकाच गोष्टीवर होता: एकट्या फोटोवर. मी ज्या वाचनालयात ग्रंथपाल होते, त्याला लागूनच त्यांचा स्टुडिओ. फोटो काढूनच पोट भरणारा हा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट देताना बजावायचा, "एका फोटोवर भरोसा नोका ठेवू. पुढच्या साली दुसरा काढाले या." गिऱ्हाईक विसरलं, तर चाचा कॅमेरा घेऊन त्याच्या दारात हजर. गावाबाहेरच्या बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, फोटो ते दर महिन्याला, त्याच दगडावर उभं राहून काढायचे. पाणी कधी चढलं, कधी उतरलं, हे तलाठ्यापेक्षा त्यांच्या अल्बमला जास्त ठाऊक. एकदा कुरखेड्याची मंडळी इथलं एक स्थळ बघायला आली आणि मुलाची चौकशी करत स्टुडिओत डोकावली. त्यांच्या हातातला मुलाचा फोटो चाचांनीच काढलेला, पण सहा वर्षांपूर्वीचा. चाचांनी कुणी न विचारताच ताजा फोटो शेजारी ठेवला. मधल्या काळात मुलाचे केस गेले होते. मुलाच्या घरच्यांनी चाचांशी बोलणं टाकलं. मुलीनं मात्र होकार कळवला. "जायाचं ते गेलं, आता नवीन काई जानार नाई," असं ती म्हणाली म्हणे. हे सांगताना चाचा तिच्या बापासारखे फुलून यायचे.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात शनीच्या एका बर्फाळ चंद्राचा फोटो आला. काळ्या आभाळात चंद्राची उजळ कड, आणि तिच्यातून वर उडालेले वाफेचे नि बर्फकणांचे फवारे. चाचांनी माझ्या टेबलावरून तो अंक उचलला. वाचनालयाचा पेपर कापता येत नाही म्हटलं, तर म्हणाले, "बातमी ठेवा तुमाले, बाई. मले फक्त फोटो पाह्यजे." वर्ष-दीड वर्षानं त्याच पेपरात त्याच चंद्राचा दुसरा फोटो छापून आला, तेव्हा मी स्वतःच कात्री पुढं केली. तीन दिवस स्टुडिओचं शटर अर्धं खाली होतं. आत चाचा दोन्ही कात्रणं भिंगाखाली धरून बसलेले. चौथ्या दिवशी येऊन त्यांनी मला हळूच सांगितलं, "बाई, फवारा कमी झाला."

पुढं आमच्या वाचनालयात ग्रहताऱ्यांवर बोलायला नागपूरचे एक प्राध्यापक आले. सभागृह भरलेलं. भाषण संपल्यावर चाचा उठले. "साहेब, तो फवारा सारखाच राह्यते, का कमी-जास्त होते? मले तं दोन फोटोत फरक दिसून राह्यला."

"अहो, पेपरची छपाई ती!" प्राध्यापक म्हणाले. "शाई कमी पडली की फवाराही कमी पडतो."

लोक खदखदून हसले. चाचांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार आणि पुन्हा कधी वाचनालयात पाऊल ठेवणार नाही. पण ते सरळ व्यासपीठावर गेले. खिशातून कात्रणं नि भिंग काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हसा साहेब, पन पाहा. चंद्राची कड दोन्हीत सारखीच उजळ हाये. शाई कमी असती तं कड बी फिकी झाली असती. एकटा फवाराच काऊन कमी झाला?"

प्राध्यापकांनी भिंग उचललं. बराच वेळ ते पाहत राहिले. मग ते माइकवरच म्हणाले, "कॅमेऱ्याचा कोन वेगळा असेल, ऊन वेगळं असेल. दोन फोटोंवरून ठरवता येणार नाही. पण यांचा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर मला माहीत नाही."

"मंग तिसरा येऊ द्या," चाचा म्हणाले. "मले घाई नाई."

टाळ्या मी सुरू केल्या, हे कबूल करते. तीस वर्षांच्या नोकरीत त्या सभागृहाचा मला इतका अभिमान दुसऱ्या कुठल्याच दिवशी वाटला नाही.

काही महिन्यांनी प्राध्यापकांचं पत्र आलं. चंद्र शनीपासून दूर गेला की बर्फातल्या भेगा ताणून उघडाव्यात, जवळ आला की मिटाव्यात, असं शास्त्रज्ञांचं गणित सांगतं. म्हणजे फवारा कमी-जास्त व्हायलाच हवा. पुरावा मात्र यायचाय. चाचांनी ते पत्र शोकेसमध्ये नवरा-नवरीच्या फोटोंच्या मधोमध लावलं. रेशनकार्डाच्या फोटोसाठी आलेल्यालाही आधी ते ऐकावं लागे. एका शेतकऱ्यानं सगळं ऐकून विचारलं, "तिथं धान होते का?"

"धान नाई," चाचा ऐटीत म्हणाले, "पन पानी हाये."

मग घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, आणि साखरेच्या आजारानं चाचांची नजर नेली. पुरावा आला तो त्यानंतर काही वर्षांनी. पुष्कळ फोटो तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं: चंद्र दूर असताना फवारा कितीतरी मोठा होतो, जवळ येताना लहान. मी पेपर घेऊन त्यांच्या घरी गेले. बातमी त्यांनी दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"त्या साहेबाले लिवा," मग ते म्हणाले. "लिवा, का तुमी माइकवर मले माहीत नाई म्हनलं, ते मी भुललो नाई."

मी अंतर्देशीय पत्र लिहिलं. सही स्वतः करीन म्हणाले. पेन हातात दिलं, बोटानं जागा दाखवली. सही ओळ सोडून तिरपी वर चढली, माझ्या अक्षरांवरून थेट पत्राच्या कडेपर्यंत.

"बरोबर झाली का, बाई?"

"बरोबर झाली," मी म्हटलं, आणि पत्र तसंच पोस्टात टाकलं.